दाबातले बुडबुडे

खाणीत लावलेल्या सुरुंगांपैकी निम्मे मुके राहिले आणि भाऊजींचा परवाना टांगणीला लागला. कारखान्याचं म्हणणं, सुरुंग लावणाऱ्याचं चुकलं. भाऊजींचं म्हणणं, माल भिकार. स्फोटकाच्या उरलेल्या कांड्या तपासायला आल्या त्या नेमक्या त्यांच्या वहिनीच्या प्रयोगशाळेत. तिनं प्रयोगशाळेच्या साहेबांना नातं आधीच सांगितलं. चाचणी तुम्ही घ्या, सही मी करतो, म्हणाले.

तिनं एक कांडी पोलादी पाटीवर आडवी ठेवून भिंतीआडून उडवली. पाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल चर पडला. माल खणखणीत होता. अहवालाला एवढं पुरे होतं. तिला मात्र चैन पडेना. असा माल खडकात मरतो कसा?

कांडीतला लोण्यासारखा माल तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत बारीक बुडबुडेच बुडबुडे. स्फोटाची लाट मालातून आवाजापेक्षाही वेगानं धावते, वाटेतला बुडबुडा चिरडते. तो क्षणात तापतो, भोवतीचा माल पेटवतो आणि ती आग लाटेला पुढे रेटते. बुडबुडेच नसतील तर? ते चेपले जावेत म्हणून तिनं दुसरी कांडी दाबाखाली ठेवली आणि दाबातच उडवली. चर वीतभर गेला आणि विरला. पुढचा माल तसाच, पाटीला चिकटलेला.

संध्याकाळी भाऊजी घरी आले.

“सुरुंगाची भोकं किती जवळ घेतली होती, भाऊजी?”

खडक चिवट होता, म्हणून नेहमीपेक्षा दाटीनं घेतली, म्हणाले. जवळ तेवढा जोर जास्त, असा त्यांचा हिशेब. मग तिनं समजावलं: पहिला सुरुंग उडतो, त्याचा रेटा खडकातून शेजारी पोचतो आणि शेजाऱ्याची पाळी येण्याआधीच त्याचे बुडबुडे चेपून टाकतो.

भाऊजींनी दोन बोटं टेबलावर शेजारी टेकवली आणि लांब केली.

“म्हणजे हवा आहे म्हणून उडतो. आमच्या दादासारखाच.”

नवऱ्याचा विषय निघताच तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. “अहवालात हेच येणार, भाऊजी.”

“येऊ द्या. उद्या चौकशीत मीच सांगतो, माल चांगला होता. पण ते विचारतील, आता भोकं किती लांब घेणार? तेव्हा काय सांगू?”

ते तिलाही ठाऊक नव्हतं. खडकागणिक बदलत असेल, मोजावं लागेल, ती म्हणाली. भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या खाणीतला खडक कुठे चिवट, कुठे भुसभुशीत, ते सांगायला लागले.