सेउमालोंचा कोरा रकाना

मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सवाई बेटावरच्या जिल्हा रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे बसलेल्या लुसियाने संगणकात 'सेउमालो' हे नाव शोधले. नाव सापडले नाही.

खिडकीबाहेर सेउमालो स्वतः उभे होते. वय साठीचे. उजवा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, जखमेवर फडके बांधलेले, अंगात ताप.

"आपण याआधी आला होतात इथं?"

"कितीदा तरी. सगळं लिहिलंय तुमच्या यंत्रात. मला एकदा इंजेक्शन बाधलं होतं, तेही."

"कुठलं?"

"मी काय डॉक्टर आहे? लिहून ठेवलंय म्हणाले होते. म्हणून तर मी लक्षात ठेवलं नाही."

लुसियाला घोटाळा कळला. दोन वर्षांपूर्वी गावाने या माणसाला मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, केले आणि पदवीबरोबर नवे नाव दिले. जुनी नोंद जुन्या नावाने असणार. पण भरल्या रांगेसमोर मताईला जुने नाव विचारायचे? आमच्याकडे ते पदवी काढून घेतल्यासारखे वाटते. लुसियाची जीभ रेटेना.

जन्मतारीख आणि गाव घालून शोधता आले असते. इंटरनेटच्या मंद लाइनवर त्याला सात मिनिटे लागतात. रांगेत बत्तीस माणसे होती. नऊ वर्षांतली ही तिसरी संगणक प्रणाली, आणि प्रत्येक वेळी काम हलके होईल असेच सांगितले गेले होते. लुसियाने 'नवीन रुग्ण' हे बटण दाबले. चाळीस सेकंदांत काम झाले. सगळ्याच खिडक्यांवर असेच चालत होते.

"इंजेक्शनचं डॉक्टरांना सांगा हं," ती म्हणाली.

त्यांनी सांगितले. राजधानी आपियाहून बदलीवर आलेल्या डॉक्टरांनी पडदा पाहिला. न सोसणाऱ्या औषधांचा रकाना कोरा होता.

"इथं तर काहीच नाही."

"यंत्रात नाही?" सेउमालो विचारात पडले. "मग नसेल. मलाच काहीतरी वाटलं असेल."

साडेनऊला लुसिया कागद घेऊन वॉर्डात गेली तेव्हा परिचारिकेने सुई भरलेली होती. त्याच वेळी सेउमालोंची थोरली बहीण अकेनेसे केळीच्या पानात बांधलेले अळूचे कंद घेऊन आत आली.

"काय टोचताय त्याला?"

"पेनिसिलिन, मावशी."

"थांबा! हात काढा आधी!" पुडके जमिनीवर पडले. "मागच्या खेपेला याचा श्वास कोंडला होता. काळानिळा पडला होता! तेव्हा तो ताविता होता."

परिचारिकेने सुई खाली ठेवली. सेउमालोंनी भिंतीकडे पाहिले.

"ताई, चारचौघांत ते नाव कशाला?"

"का? लाज वाटते? आईनं ठेवलेलं नाव आहे ते."

"मी आता सेउमालो आहे."

"आहेसच. गावानं तुला नाव नवं दिलं, रक्त नवं नाही दिलं. पेनिसिलिन काय तुझी पदवी बघून मागं फिरणार होतं? आणि मेला असतास तर मयतीला भाषणं मोठी झाली असती, एवढंच!"

आमच्याकडे बहिणीचा शब्द मताईलाही ओलांडता येत नाही.

मग अकेनेसे लुसियाकडे वळली. "आणि तू गं? तुला ठाऊक नव्हतं याला आधी दुसरं नाव होतं?"

"ठाऊक होतं, मावशी. मान राखला."

"मान राखलास, माणूस राखला नाहीस."

बत्तीस माणसांची रांग हे उत्तर नव्हते, हे लुसियालाही कळत होते.

"लिहून घे, पोरी," लुसियाकडे वळून सेउमालो म्हणाले. "ताविता फाआसावालू. मोठ्यानं वाच, चूक नको."

जुनी नोंद उघडली. पाच वर्षांपूर्वीची, लाल अक्षरांत: पेनिसिलिन देऊ नये, जिवाला धोका. डॉक्टरांनी दुसरे औषध लिहून दिले. संध्याकाळी ताप उतरू लागला.

त्याच दुपारी लुसियाने वर्षभरात 'नवीन रुग्ण' म्हणून घातलेल्या मताईंच्या नोंदी काढल्या होत्या. एकोणीस होत्या. सतरा नोंदींत तो रकाना कोरा होता, आणि त्यातल्या सहा तिने स्वतः केल्या होत्या.

नागरिकहो, कोरा रकाना म्हणजे 'त्रास नाही' असे नव्हे. 'कोणी विचारले नाही' एवढाच त्याचा अर्थ. देशभराची आठवण यंत्राकडे सोपवली म्हणून विचारण्याचे आणि सांगण्याचे काम संपत नाही. आपण जे संकोचाने गिळतो, ते यंत्राला कधीच कळत नाही.

आता खिडकीवर एक कागद चिकटवलेला आहे: 'आपली सर्व नावे सांगा. सर्वांचा मान आहे.' बुधवारी दोन मताईंनी तो वाचून जुनी नावे सांगितली. तिसरे वाचून घरी निघून गेले.

दोन्ही नोंदी एक करण्याची विनंती मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपियाला गेली. शुक्रवारी चार वाजेपर्यंत उत्तर नव्हते, आणि तोवर दोन्ही नोंदींत काही बदलता येत नाही. पडद्यावर अजून दोन माणसे आहेत: पेनिसिलिन न सोसणारा ताविता, आणि काहीही सोसणारा सेउमालो. वॉर्डातल्या खाटेवर एकच आहे. त्याच्या मनगटाला अकेनेसेने लाल चिंधी बांधली आहे, आणि खाटेजवळ येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून चिंधी दाखवते.