तारांची राख

मॅडम येणार म्हणून सकाळपासून माझ्या जिवाला चैन नव्हती. मॅडम म्हणजे तपासणीच्या सरकारी बाई. आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. तिथं आमचे मालक, म्हणजे माझे यजमान शिवराज, जुने टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल फोडतात, तारा जाळून तांबं काढतात. नियम म्हणतो, असला माल फक्त नोंदणी असलेल्या केंद्रातच द्यायचा. शेड राहणार की जाणार, ते आज ठरणार होतं. मंगळवेढा सोडून सोलापुरात आलो ते या शेडच्या भरवशावर. ते गेलं तर खायचं काय?

तक्रार केली होती शेजारच्या धुळाप्पा अण्णांनी. गिरणीत राबलेला, सरळ पण भलता चिवट माणूस. वर्षभर आमचं दोघांचं भांडण चाललेलं, आणि भांडणात मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

सासूबाईंना वेगळाच घोर. दारी मोठं माणूस येणार आणि अंगण असं? नेमकं नळालाही पाणी आलं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते आलं की माणूस हातातलं सगळं टाकून पळतो. सासूबाईंनी पाइप लावला, जाळलेल्या तारांच्या राखेसकट मागचं अंगण लख्ख धुतलं, वर रांगोळी काढली. मी म्हटलं, बरं झालं, काळं दिसायला नको.

मॅडम आल्या आणि अण्णांच्या परसातल्या ओट्यावर बसल्या. तिथून दोन्ही अंगणं दिसतात. बसल्या बसल्या वाद पेटला.

"ह्या धुरानं मला धाप लागती," अण्णा म्हणाले. "कायदा हाय तर पाळा की."

"कायदा आमालाच व्हय?" मी उसळले. "कंपनी दरसाली नवा मोबाइल काढती, जुना दुरुस्तच हुईना आसा करती. तिला कोण इचारतंय? तुमचं टीव्हीचं डबडं कुणी न्हेलं, अण्णा? आमीच की. आन तुमचा जुना फ्रिज? मीटर कसा पळतोय बगा. ती वीज बी कोळसा जाळूनच येती. त्यो धूर लांबचा, म्हणून दिसत न्हाय."

मॅडम हसल्या.

"मुद्दा खोटा नाही," त्या म्हणाल्या. "जाळणं आजपासून बंद करा, नोंदणीला अर्ज करा. तोवर शेड राहू द्यावं, असं लिहिते मी."

जिंकले! मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तरी मला बसवेना. अंगण धुतलेलं पाणी गेलं कुठं? आमचं अंगण उंचावर. मान वळवली तर भिंतीच्या भोकातून काळपट ओघळ अण्णांच्या परसात उतरलेला, आणि अण्णांचा जमिनीतला हौद पाणी भरायला सताड उघडा. ओघळ थेट त्याच्या तोंडात गेला होता. त्या राखेत काय काय विष असतं, ते मी वाद घालायला म्हणून वाचून ठेवलेलं होतं.

सांगते, मॅडम गेल्या की लगेच सांगते, असं मी मनाशी म्हटलं. मालकांनीही ओघळ बघितला होता. बोलू नको म्हणून ते मला डोळ्यांनी दटावत होते.

तेवढ्यात अण्णा उठले. हौदातून दोन तांबे भरून आले. एक माझ्यापुढं धरला.

"घे पोरी. बोलून बोलून घसा सुकला आसंल."

वर्षभर भांडलेला, आत्ताच हरलेला माणूस आधी मला पाणी देत होता. मला स्वतःची लाज वाटली. दुसरा तांब्या त्यांनी स्वतःच्या तोंडाला नेला.

मी हात मारून तो खाली पाडला.

"पिऊ नगा, अण्णा! आमची राख तुमच्या हौदात गेलीया. समदं पाणी नासलंय."

मॅडमनी खिशाला लावलेलं पेन पुन्हा काढलं. राख कसली, किती गेली, हौदाचं पाणी कोण कोण पितं, त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सगळं खरं सांगत गेले. मालक मान खाली घालून ऐकत होते. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता शेडला कुलूप लावावं लागेल."

अण्णा भिजल्या धोतरानिशी तसेच उभे होते. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

"आन आता तुमी खाणार काय गं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला रडू फुटलं.