सेनापतीचा अंगरखा

सेहेचाळीस सालच्या जानेवारीत नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात संमेलनाची गडबड चालली होती. नववीतली मनकर्णा नाटकातला सेनापतीचा अंगरखा काढायला कोठीच्या खोलीत गेली. पेटीचं झाकण उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. अंगरख्यावर उंदीर मरून पडला होता.

मनकर्णा पुणतांब्याची, शेतकऱ्याची पोर. उंदीर पडले की घर सोडून माळावर जायचं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिची धाकटी आत्या अशाच एका हिवाळ्यात प्लेगनं गेली होती. पण दोन वर्षं प्रत्येक नाटकात मनकर्णा नुसती भाला धरून उभी राहिली होती. ती 'पानी' म्हणायची म्हणून मुली हसायच्या. घोकून घोकून ण सुधारला, तेव्हा कुठे यंदा सेनापती मिळाला. प्लेगचं नाव निघालं तर बोर्डिंग रिकामं होणार, संमेलन बुडणार.

एकच तर उंदीर. मांजरानं मारला असेल.

तिनं तो चिमट्यानं उचलून कुंपणापलीकडे निवडुंगात फेकला आणि अंगरखा झटकला.

संध्याकाळी तालमीत तिची मैत्रीण राही, नाटकात राजा झालेली, म्हणाली, "बघू गं, मला कसा दिसतो!" आणि तिनं तो अंगात चढवलासुद्धा. मनकर्णानं तिला थांबवलं नाही.

त्यानंतर तिला अन्न गोड लागेना. भूगोलाच्या तासाला नद्या विचारल्या, तर गोदावरीसुद्धा आठवेना. न्हाणीत गेली की काखेत, जांघेत गाठ चाचपून बघायची. गुरुवारी सकाळी प्रार्थनेला राहीची जागा रिकामी दिसली.

"तापानं फणफणलीय ती," शेजारची विजयमाला कुजबुजली.

प्रार्थना अर्धी टाकून मनकर्णा रेक्टर इंदूबाईंच्या खोलीकडे धावली.

"बाई, कोठीत उंदीर पडला हुता. म्या लपिवला. राहीनं त्योच अंगरखा घातला."

इंदूबाईंनी टाक खाली ठेवला. "कधी?"

"सोमवारी."

त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावणं धाडलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी कोठी उपसली, तर ज्वारीच्या पोत्यांमागे आणखी चार उंदीर निघाले. डॉक्टरांनी मुलींना ओळीनं टोचलं आणि बैलगाड्यांतून सगळ्यांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं. राहीला मात्र दवाखान्यात नेलं. टांग्यात बसवताना तिला मनकर्णा दिसली, आणि तेवढ्या तापातही ती हसली. तिला बिचारीला काय ठाऊक!

सहाव्या दिवशी इंदूबाई झोपडीत आल्या.

"गाठ फुटली. वाचेल म्हणतात."

मनकर्णा हमसून हमसून रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. "राहीला हे तूच सांगायचंस," एवढंच म्हणाल्या.

राही चैत्रात बोर्डिंगात परतली, वाळून काडी झालेली; तिला मनकर्णाच्याच खोलीत जागा दिली होती. मनकर्णानं त्याच दिवशी तिला सगळं सांगितलं. राहीनं तिच्याकडे बघत विचारलं,

"मी तो अंगरखा घालत होते, तेव्हा तू समोरच होतीस ना गं?"

मनकर्णानं होकाराची मान हलवली.

राहीनं आपली वळकटी उचलली आणि विजयमालाच्या खोलीत राहायला गेली.