घाईतला हात

टण्ण! ओट्यावरचा चमचा घरंगळून फरशीवर पडला आणि दुपारची शांतता फुटली. मी हेडफोनचा एक कान बाजूला सारला आणि आतल्या खोलीची चाहूल घेतली. लेक कुशीवर वळली, झोपेत काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गाढ झोपली. वाचले. ती उठली की माझी दुपार संपते.

सारलेला कान पुन्हा झाकायचा राहिलाच. तशीच वाजवायला लागले आणि बोटं थबकली. उघड्या कानाला की-बोर्डच्या पट्टीचा 'टक' आवाज आला, झाकलेल्या कानात सूर मागून आला. जरासाच मागून. पण मागून.

पुन्हा दाबली. टक, मग सूर.

मी मुलांच्या गोष्टींच्या ध्वनिमालिकेसाठी घरून वाजवते. चाली संगीतकाराच्या; त्यांना आम्ही सगळेच मास्तर म्हणतो. माझा की-बोर्ड संगणकाला आवाज पाठवत नाही, नुसता निरोप पाठवतो: कुठली पट्टी, कधी, किती जोरात. सूर संगणक तयार करतो आणि पडद्यावर ठोक्यांच्या उभ्या रेघांवर माझ्या सुरांचे छोटे छोटे चौकोन उमटतात.

मध्यंतरी मास्तरांची कुरकुर सुरू झाली होती. "हात घाईत आहे गं तुझा. सूर ठोक्याच्या आधी पडतायत. घरात लेकरू आहे, समजतं मला." ते 'समजतं मला' जास्त झोंबलं. वर म्हणाले, ही मालिका संपली की ठरवू, पुढची तुझ्याकडे ठेवायची की नाही. या घरात सकाळपासून मी करते ते सगळं संध्याकाळपर्यंत पुन्हा करायचं होऊन बसतं. भांडी, कपडे, जेवण. वाजवलेलं तेवढं राहतं. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

आणि मग एकाएकी मास्तर खूश. "आता कसं वाजवलंस, सुतासारखं!"

मी तर काहीच वेगळं केलं नव्हतं.

तिथेच पाल चुकचुकली. ससा झोपतो त्या गोष्टीत शेवटचा सूर मी जाणून ठोक्याच्या जरा मागे, रेंगाळत सोडला होता. झोपलेल्या पोरीच्या अंगावरचा हात काढून घेताना आपण रेंगाळतो ना, तसा. गोष्ट प्रसारित झाली तेव्हा लेकीला मांडीवर घेऊन ऐकली, तर तो सूर बरोब्बर ठोक्यावर! पट्टी ठेवून ओढलेल्या रेघेसारखा. माझ्यासारखं होतं सगळं, पण माझं नव्हतं.

या संगणकाला हात लावणारी माणसं दोनच, माझ्याखेरीज. लेक, जिचा हात लागला की पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडतो. आणि नवरा. तो त्यावर प्रशिक्षणाचे व्हिडिओ बनवतो आणि संध्याकाळी माझं वाजवलेलं मास्तरांना तोच पाठवतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मशीन आहे, झालं असेल काहीतरी," आणि मन लावून मोज्यांच्या जोड्या लावायला बसला. लग्नापासून या माणसाने मोज्यांची जोडी लावलेली मी पाहिली नव्हती.

तेव्हापासून माझे डोळे त्याच्या पाठीला चिकटले. मी खोलीत शिरले की फोनवरचा आवाज उतरायचा. "हो मास्तर... बघतो, बघतो." मास्तर माझे, मग फोन त्याला का?

आणि आज ही टक.

सेटिंग उघडलं. बफरचा आकडा चांगलाच फुगलेला. बफर म्हणजे बादली. संगणक आवाज बादलीत साठवतो, ती भरली की कानात ओततो. मोठी बादली असली की आवाज तडतडत नाही, पण पोचतो उशिरा. सूर मागे पडतोय म्हणून माझी बोटं नकळत आधी पडत होती, आणि पडद्यावरचे चौकोन रेघेच्या अलीकडे. घाई हातात नव्हतीच!

बादली कोणी वाढवली? मुद्दाम? असा विचार आल्याची लाज वाटली, पण आला तो आला. मी आकडा खाली आणला, नवऱ्याचे उघडे राहिलेले प्रोग्राम बंद केले आणि पुन्हा वाजवलं. टक आणि सूर एकत्र. चौकोन रेघांवर अलगद बसले, आणि रेंगाळायचं होतं तिथेच फक्त रेंगाळले. मला रडूच आलं.

संध्याकाळी तो बूट काढत होता, तेव्हा विचारलं, "बफर तू वाढवलास?"

"हो. माझ्या व्हिडिओंचा आवाज तडतडत होता. का गं?"

"मला सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं?"

मी आकडा पुन्हा वाढवला, हेडफोन त्याच्या एकाच कानावर ठेवून त्याला पट्टी दाबायला लावली. टक, मग सूर. त्याने पुन्हा दाबली. चेहरा उतरला.

"अरेच्चा! म्हणजे हा उशीर भरून काढायला तू..."

"आधी दाबत होते. आता हे सांग, माझे सूर सरळ कोणी केले?"

तो अजून पायातच असलेल्या बुटाची लेस बोटाला गुंडाळत बसला. "मास्तरांनी फोन केला होता. म्हणाले, तिला लागेल, तूच हळूच सांग. मला सांगवेना. म्हटलं, पाठवायच्या आधी मीच सूर रेघांवर बसवतो. एक बटण तर असतं."

"सगळे?"

"सगळे. काम जाऊ नये तुझं म्हणून गं."

"म्हणजे तुलाही वाटलं, माझा हातच बिघडलाय."

"पोरीचं आजारपण, तुझी जागरणं... कुणाचाही बिघडला असता."

बादली याने वाढवली, आणि संशय माझ्या हातावर! आकडा खाली आणून मी म्हटलं, "आजचं मी पाठवते."

"इतका पण विश्वास नाही?"

लेक दारात उभी होती, कधीची कोण जाणे. "बाबा, तू आईचं गाणं पुसलंस?"

"पुसलं नाही गं सोन्या. नीट केलं."

ती माझ्या मांडीवर चढली. मी तिच्या कानांवर हेडफोन लावला, आजचं वाजवलेलं सुरू केलं. ती डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिली. मग हेडफोन काढून तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, तुला न सांगता बाबा अजून काय काय नीट करतो?"