लांबडा हूड

गळ्याशप्पथ सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता पडोत!

"कुठल्या गाढवाने हा नळीसारखा हूड ह्या भिंगाला लावलाय?" जुने कॅमेरे विकणारा वोल्फराम एवढ्या जोरात ओरडला, की ड्रेसडेनच्या त्या नदीकाठच्या बाजारात शेजारचा कपबशीवालासुद्धा वळून बघायला लागला.

समोर रोसविथा उभी. पंचाहत्तरीची, तरी सहा फुटांची, आणि नाकावर राग कायमचा. कॅमेरा तिच्या भावाचा, एकेहार्डचा. तो हिवाळ्यात गेला. मग भावजयीने, त्या इलोनाने, कॅमेरा पिशवीत घालून हिच्या दाराशी ठेवला. बेलसुद्धा वाजवली नाही. वाजवेल कशाला? त्याला पुरून आल्यावर कॉफीच्या टेबलावर रोसविथाने तिला चारचौघांत सुनावलं होतं, "इतकी वर्षं घरातल्या एकेका फोटोत माझ्या तोंडाला काळं फासलंत तुम्ही दोघांनी!"

आणि ते होतंच की हो! उंच म्हणून रोसविथा नेहमी मागच्या रांगेत, अगदी टोकाला. आणि फोटोचे कोपरे नेमके काळेकुट्ट. बाकी सगळे दात काढून हसतायत, आणि टोकाला नुसता एक फ्रॉक. वरचं मुंडकं गायब.

म्हणून ती आली होती कॅमेरा विकून मोकळी व्हायला. आत एकेहार्डचा अर्धा रोल तसाच होता. त्याचीही तिला पर्वा नव्हती.

"बाई, हूड असतो उन्हाची तिरीप अडवायला," वोल्फराम वैतागून म्हणाला. "हा आहे लांबचं बघणाऱ्या भिंगाचा. तुमचं भिंग ऐसपैस बघणारं. आटे जुळतात, म्हणून बसतो फटकन. पण एवढ्या लांबड्या नळीतून कोपरे दिसणार कसे? त्यात मधे हा पिवळा फिल्टर, म्हणजे नळी आणखी पुढे. लावा डोळा, बघा."

तिने बघितलं. चारी कोपऱ्यांत अंधार.

"म्हणजे फोटो काढणाऱ्याला हे दिसतं?"

"आंधळा नसेल तर पहिल्याच दिवशी. घेतला कुणी हा?"

"भावाने," रोसविथा म्हणाली. "अक्कलशून्य होता."

धडधडीत खोटं! हूड आणि फिल्टर, दोन्ही तिनेच त्याला तिसाव्या वाढदिवसाला दिलेले. वर प्रत्येक फोटोआधी दरडावायची, "माझा हूड लावलास का रे?" भाचीच्या लग्नात त्याने एकदा तो काढला, तर ही तणतणत निघून गेली. केकला हातसुद्धा लावला नाही.

तिने आखूड हूड मागितला.

"आणि कॅमेरा? विकायचा होता ना?"

"तोंड बंद ठेवा आणि हूड द्या."

तिथून ट्रॅमने थेट इलोनाकडे. दार साखळीपुरतं उघडलं.

"आता काय न्यायला आलीस?"

"फोटो काढ माझा."

"मी? तुझा? डोकं फिरलंय का?"

"तुझ्याकडून धड येणार नाही, ठाऊक आहे मला. तरी काढ."

इलोनाने साखळी काढली, कॅमेरा हिसकावून घेतला, आणि थबकली.

"लांबडा कुठाय?"

"तुलाही ठाऊक होतं?"

"मग! किती वेळा म्हटलं त्याला, फेक ते नळकांडं. तर म्हणायचा, काढलं तर ती यायचीच नाही. चेहरा नाही आला तरी चालेल, ती यायला हवी." इलोनाने नाक मुरडलं. "मला तर तू नसती आलीस तरी चाललं असतं."

रोसविथा अंगणात गेली, आणि सवयीने कुंपणाच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. शेजारी अख्खी रांग असल्यासारखी.

"मधे ये की बये," इलोना खेकसली. "आता कोण उरलंय तिथे?"

रोसविथा मधे आली. केस सारखे केले. खटका वाजला.

शब्दन् शब्द खरा. बरं, थांबा, दात हलायला लागलाय, तेव्हा एक सांगून टाकते. तो आतला अर्धा रोल मी पदरचा घालून सांगितला. कॅमेरा रिकामा होता. आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.