सोबाचं पाणी

एकतीस डिसेंबरच्या दुपारी कियोताकाने बायकोचा एप्रन कमरेला बांधला, तेव्हा गाठ बसता बसेना. सत्तेचाळीस वर्षं घाटातून बस चालवलेला माणूस तो, पण स्वयंपाकघरात चहाच्या पलीकडे त्याची मजल गेलेली नव्हती. आणि आज काय, तर म्हणे सोबा, कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया, करणार! शिन्शूच्या डोंगरातल्या माणसाला वर्षाअखेरीचा सोबा चुकवून चालत नाही, हे खरं. पण खायचा वेगळा आणि करायचा वेगळा.

खरं कारण त्याच्या पोटातच होतं. शरद ऋतूत पर्सिमनची फळं काढताना त्याची बायको मित्सुए शिडीवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. त्या हाताने तिला सुरी धरवत नव्हती, कणीक तिंबायची तर बातच सोडा. दोन महिने ती चूपचाप खिडकीशी बसून राहिली आणि परवा फोनवर लेकीला, चिहारूला म्हणाली, "येते गं तुझ्याकडे पाच तारखेला. इथे राहून तरी काय करू? माझ्या हातून आता काही होत नाही."

"मी हे घर सोडून हलणार नाही," कियोताका शेजारूनच गुरगुरला होता. "तुला जायचं तर खुशाल जा."

झालं! बोलून बसला. त्याच संध्याकाळी मित्सुएने कपाटावरची बॅग खाली काढली. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द काढायला या बाबाच्या जिवावर येत होतं. म्हणून त्याने हा घाट घातला. आपण सोबा करून दाखवू, म्हणजे तिला कळेल की तिचा हात नसला तरी घराचं काही अडत नाही.

मित्सुएच्या आईकडून आलेली लाखेची लाल परात त्याने ओट्यावर मांडली. आठ वाट्या कुट्टूचं पीठ, दोन वाट्या गव्हाचं. एवढं त्याला पाठ होतं. पाणी मात्र त्याने एकदम ओतलं. अर्ध्या पिठाचा चिखल झाला, अर्धं कोरडंच राहिलं. घाम पुसत, स्वतःलाच शिव्या घालत त्याने ते कसंबसं गोळा केलं, लाटलं, रुंद सुऱ्याने कापलं. काही पट्ट्या करंगळीएवढ्या जाड, काही दोऱ्यासारख्या. दाराबाहेर मित्सुएच्या सपाता वाजल्या आणि थांबल्या, पण ती आत आली नाही.

उकळत्या पाण्यात सोबा सोडला मात्र, त्याचे तुकडे तुकडे व्हायला लागले. लांब सोबा म्हणजे लांब आयुष्य, आणि इथे बोटभर लांबीचा एक धागा राहीना! कियोताकाची गाळण उडाली. त्याने दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं सिंकमधल्या बांबूच्या चाळणीत उपडं केलं. वर नळ सोडून उरलंसुरलं धुऊन काढलं.

मित्सुए आत आली, ती डाव्या हातात लाखेचा तांबडा चंबू घेऊन. सोबा खाऊन झाला की वाटीत उरलेल्या रसात त्याच चंबूतून सोबाचं उकळलेलं, दाटसर पाणी ओतून प्यायचं, ही रीत. तिने चंबू ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या पातेल्यात डोकावली.

"पाणी कुठंय?"

कियोताकाने सिंककडे पाहिलं. मोरीतून वाफ येत होती.

"ओतलंत?" मित्सुएचा आवाज चढला. दोन महिन्यांत पहिल्यांदा चढला. "अहो, सोबाचं पाणी ओतलंत? शिन्शूत जन्मलात ना तुम्ही? शेजारी कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही! आणि हे काय केलंय? हा सोबा आहे की कोंबड्यांचा चारा? वर सत्तेचाळीस वर्षं मला ऐकवत होतात, 'जरा जाड झालाय' म्हणून!"

"हो, नाही येत मला!" कियोताकाही भडकला. "मला वाटलं, मी सोबा केला तर तुला हाताचं वाईट वाटायचं नाही. तू... तू राहशील. जाऊ नकोस गं, मित्सुए."

बोलून गेला आणि चाळणीकडे बघत उभा राहिला.

"वेडे आहात अगदी," मित्सुए म्हणाली. "चांगला झाला असता ना, तर मी निर्धास्तपणे गेले असते. म्हटलं असतं, यांचं माझ्यावाचून काही अडत नाही."

तिने डाव्या हाताने पिठाचा डबा पुढे ओढला. एकदा पुरेल एवढं पीठ होतं.

"हात धुवा. पाणी तीनदा, थोडं थोडं. बोटं फिरवा नुसती, दाबू नका. दाबू नका म्हटलं ना!"

तो तिंबत राहिला, ती बोलत राहिली. मध्येच तिने गोळा चिमटीत धरून पाहिला आणि मग त्याच पिठाळ बोटांनी त्याच्या कानाची पाळी दाबली. पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं.

"अजून घट्ट आहे. मळा."

पुन्हा गोळा, पुन्हा कान. चौथ्यांदा तिने कान जरा जास्तच वेळ धरून ठेवला. कियोताका मान न हलवता मळत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, पण हात पिठात, पुसणार कसे?

अंधार पडता पडता दोघं जेवायला बसली. सोबा जाडच झाला होता, पण सलग होता. चंबूतलं पाणी वाटीत ओतून मित्सुए फुंकर मारत होती, तेवढ्यात चिहारूचा फोन आला.

"आई, पाच तारखेला किती वाजता न्यायला येऊ?"

"येऊ नकोस गं. तुझ्या बाबांनी आज सोबाचं पाणी मोरीत ओतलं."



"बाबांनी? सोबाचं पाणी?" चिहारू म्हणाली. "अगं आई, मग तू कशी येणार!"