योगीराजचं एन्जॉय

आमचा योगीराज पुण्यास्नं आला की घरात एकच शब्द वाजतो, एन्जॉय. बायकोच्या डोहाळजेवणाला हा मित्रांबरोबर गोव्यात. फोनवर म्हणतो, "आई, जरा एन्जॉय करू दे की." म्या धाकट्या लेकीला, शिवांजलीला इचारलं, ह्याचा अर्थ काय गं?

"मजा करणं, आई."

"कुणाची?"

"आपापली."

म्हणजे ह्या शब्दाला बी पंगत ठाऊक न्हाय.

तरी गप बसले. येळवस आली. त्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आन् घरच्या बाप्या माणसानं आंबिलाचं मडकं डोक्यावर घिऊन अनवाणी शेतात जायचं. मालकांचा, ह्याच्या बाचा, गुडघा गेला, म्हणून औंदा तो मान योगीराजचा. सकाळी बघते तर हा मित्रांना घिऊन गाडीनं कवाच पुढं गेलेला. मडकं चुलीम्होरं तसंच.

सून राजेश्वरी सात महिन्यांची पोटुशी. नवऱ्याचा मान म्हणून तिनंच उचललं. म्या आडवी गेले तर, "आत्या, आधी तुमची कंबर बघा," म्हणून मलाच दटावलं. निम्म्या वाटंवर तिला घेरी आली. पर मडकं भुईला टेकू दिलं न्हाय, शिवांजलीच्या डोक्यावर दिलं आन् मगच बांधावर बसली. तोंड पांढरंफट.

कोपीत पोचलो तर पांडवांचे पाच दगड कडंला सारलेले, त्यांच्या जागी बाटल्या. मित्र धडपडत उठले. हा लोळतच म्हणला, "आलात व्हय? राजू, वाढ गं, लई भूक लागलीय."

बायकोच्या तोंडाकडं बघितलं सुदिक न्हाय!

"योगीराज, हे काय?"

"चिडू नकोस, आई. सण हाय, एन्जॉय करायचा."

म्या बाटल्या बाहेर फेकल्या, दगड धुतले, जाग्यावर मांडले. काठी टेकत मागनं आलेल्या मालकांनी पूजेसाठी उपरणं योगीराजम्होरं धरलं.

"ते राजेश्वरीला द्या," म्या म्हणलं.

मालक उपरणं घिऊन तिच्याकडं वळले. हा आत्ता कुठं उठून बसला. शेजारच्या शेतातली माणसं बघत होती. बघू देत. म्या आवाज चढवूनच बोलले,

"येळवशीला वाटंनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला बी आमी उपाशी जाऊ देत न्हाय, तवा तुला बी वाढते. जेव पोटभर. पर ह्या कोपीत पांडवांम्होरं बसायचा मान आजपास्नं हिचा. पुढल्या साली आलास तर बांधावर थांबायचं, आन् हिनं हाक मारली तरच आत यायचं."